मोटारीचं नाक आणि मिस्त्रीचा पाना

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. ज्या दिवशी तो विझत नाही, त्या दिवशी गाडीमालकाच्या पोटात गोळा येतो. गाडी तर नीट चालतेय, मग दिवा कशाचा? गॅरेजवाला स्कॅनर लावतो, पडद्यावर अक्षरं-आकडे उमटतात आणि निकाल जाहीर होतो, ‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलावा लागेल.’ काही हजारांचं बिल होतं. आणि पुष्कळदा महिन्याभरात तोच दिवा पुन्हा लागतो.

आज या ऑक्सिजन सेन्सरची गोष्ट सांगायची आहे. हा भाग जेमतेम अंगठ्याएवढा. इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीत तो बसवलेला असतो आणि त्या धुरात किती प्राणवायू शिल्लक आहे, एवढंच तो हुंगतो. मोटारीचं नाकच म्हणा ना! पण हे नाक मोटारीला हौसेनं बसवलेलं नाही. त्यामागं एका शहराचं डोळ्यांतून पाणी काढणारं दुखणं आहे, शास्त्रज्ञांची चिकाटी आहे आणि कायद्याचा बडगाही आहे.

ते शहर म्हणजे अमेरिकेतलं लॉस एंजेलिस. तारीख २६ जुलै १९४३. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. त्या दिवशी शहरावर असा काही दाट, झोंबणारा धूर उतरला की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. जपाननं विषारी वायूचा हल्ला केला, अशीही शंका लोकांना आली. मग संशय गेला कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाईन हे रसायन तयार करणाऱ्या एका कारखान्यावर. ओरड झाली, कारखाना काही काळ बंद ठेवला गेला. धूर मात्र हटला नाही. शहरानं एक संशयित पकडला होता, पण खरा अपराधी त्याच शहराच्या रस्त्यांवरून रोज मिरवत होता.

त्याला हुडकून काढलं आरी हागेन-श्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञानं. पॅसाडीना इथल्या कॅलटेक या संस्थेत ते अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होते. फळाच्या वासातली सूक्ष्म द्रव्यं वेगळी काढण्याची हातोटी त्यांना साधली होती. तीच त्यांनी शहराच्या हवेवर वापरली. १९५०च्या सुमारास त्यांनी दाखवून दिलं की, मोटारींच्या धुरातलं न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की ओझोन आणि इतर झोंबणारी द्रव्यं तयार होतात. ओझोन मोजायला त्यांनी साध्या रबराच्या वाकवलेल्या पट्ट्या वापरल्या. रबराला किती लवकर भेगा पडतात, त्यावरून हवेतलं विष कळायचं. तेलउद्योगाच्या पैशानं चाललेल्या संशोधनानं त्यांना बराच काळ विरोध केला. पण निष्कर्ष टिकला. पुढं कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाचे पहिले अध्यक्ष हेच हागेन-श्मिट झाले.

अपराधी सापडला, पण त्याला वळण कसं लावायचं? १९७०च्या अखेरीस अमेरिकेत स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला. मोटारींच्या धुरातली मुख्य प्रदूषकं पाच-सहा वर्षांत ९० टक्क्यांनी कमी करा, असं तो बजावत होता. मोटारकंपन्या म्हणाल्या, हे अशक्य आहे. मुदती पुढं ढकलल्या गेल्या. तरी १९७५च्या मॉडेलपासून बहुतेक अमेरिकी गाड्यांच्या धूरनळीत एक डबा आला. त्याचं नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आपले मेकॅनिक त्याला ‘कॅट कॉन’ म्हणतात. त्यात प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा लेप असतो आणि विषारी वायू त्यावरून जाताना त्यांचं बरंचसं निरुपद्रवी वायूंत रूपांतर होतं.

पण या डब्याची एक खोड होती. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन यांना नष्ट करायला प्राणवायू द्यावा लागतो. नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधून उलट प्राणवायू काढून घ्यावा लागतो. एकाच डब्यात ही दोन्ही कामं व्हायची, तर इंजिनाला मिळणारं हवा आणि पेट्रोलचं मिश्रण अगदी काट्यावर तोललेलं हवं. एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा. थोडं इकडं-तिकडं झालं की एक काम बिनसतं. कार्ब्युरेटरच्या स्क्रूनं हा काटा सतत सांभाळणं शक्य नव्हतं. धुराचा वास घेऊन क्षणोक्षणी ‘पेट्रोल जास्त झालं’, ‘आता कमी झालं’ असं सांगणारं कुणीतरी धूरनळीतच बसायला हवं होतं.

हे नाक तयार करण्याचं शास्त्र गेल्याच्या गेल्या शतकात जर्मनीत जन्मलं होतं. वाल्थर नर्न्स्ट यांनी १८८९मध्ये एक सूत्र मांडलं. दोन बाजूंना एखाद्या द्रव्याचं प्रमाण वेगळं असेल तर त्यातून किती विद्युतदाब निर्माण होतो, याचा हिशोब त्यात आहे. पुढं १८९७च्या सुमारास त्यांनी झिर्कोनियाच्या, म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइडच्या, कांडीचा एक दिवा बनवला. ही चिनीमातीसारखी कांडी थंड असताना वीज वाहू देत नाही. तापवली की तिच्यातून ऑक्सिजनचे भारित कण सरकू लागतात. नर्न्स्ट यांना मोटारींचा शौक होता, १९२०चं रसायनशास्त्राचं नोबेलही त्यांना मिळालं. तंगस्टनच्या तारेचे बल्ब आल्यावर त्यांचा दिवा मागं पडला, पण त्यातली चिनीमाती पाऊण शतकानंतर मोटारीच्या धूरनळीत जाऊन बसली.

जर्मनीतल्याच बॉश कंपनीनं झिर्कोनियाची शिवणाच्या टोपणासारखी एक टोपी केली, तिला दोन्ही बाजूंनी प्लॅटिनमचा पातळ थर दिला. टोपीच्या बाहेर धूर, आत बाहेरची ताजी हवा. दोन्हीकडच्या प्राणवायूत फरक पडला की विद्युतदाब तयार होतो. मिश्रणात पेट्रोल जास्त असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, कमी असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट. १९७६मध्ये त्याचं उत्पादन सुरू झालं आणि अमेरिकेत जाणाऱ्या व्होल्व्हो गाड्यांना हा सेन्सर पहिल्यांदा बसला. हवेच्या प्रमाणासाठी अभियंते ‘लॅम्डा’ हे ग्रीक अक्षर वापरतात, म्हणून याचं दुसरं नाव लॅम्डा सेन्सर. नर्न्स्टच्या दिव्याची सवय त्याच्यातही उतरली होती. सुमारे तीनशे अंश सेल्सियसपर्यंत तापल्याशिवाय तो बोलत नसे. म्हणून १९८२पासून त्याच्या पोटात तापणारी तार बसवलेले सेन्सर आले.

पुढचं पाऊल कॅलिफोर्नियानंच उचललं. गाडीनं आपला बिघाड आपणच ओळखावा आणि चालकाला सांगावा, अशी सक्ती तिथं १९८८च्या मॉडेलपासून आली. १९९६च्या मॉडेलपासून साऱ्या अमेरिकेत एकाच पद्धतीची जोडणी आणि एकाच पद्धतीचे सांकेतिक क्रमांक ठरले. तोवर प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी होती. कन्व्हर्टरच्या पुढं एक आणि मागं एक असे दोन सेन्सर आले. पुढचा मिश्रणावर लक्ष ठेवतो, मागचा कन्व्हर्टर काम करतोय की नाही ते पाहतो. तो पिवळा दिवा या कायद्यातून आपल्या डॅशबोर्डवर आला आहे. हवेचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही, ते दिसावं यासाठी तो आहे.

आपल्याकडं हे सगळं न्यायालयाच्या दारातून आलं. एम. सी. मेहता यांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयात जे आदेश झाले, त्यांच्या रेट्यानं १ एप्रिल १९९५पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसं असलेलं पेट्रोल कन्व्हर्टर आणि सेन्सर दोन्हींना मारतं. ते देशभरात फेब्रुवारी २०००पासून बंद झालं. बीएस-४ गाड्यांमध्ये बिघाड ओळखणारी यंत्रणा २०१०पासून टप्प्याटप्प्यानं आली, १ एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-६ लागू झालं.

या काळात गॅरेजचं जगही पालटलं. १९८४ साली मारुतीची व्हॅन आली, पुढं ती ‘ओम्नी’ म्हणून घराघरांत पोचली आणि २०१९मध्ये तिचं उत्पादन थांबलं. शाळेची मुलं, भाजी, मंडपाचं सामान, प्रसंगी पेशंट, सगळं तिनं वाहिलं. तिच्या कार्ब्युरेटरच्या जमान्यात मिस्त्री कान लावून इंजिन ऐकायचा, स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा आणि ‘आता बघा’ म्हणायचा. आपणही ऐकत उभे असायचो. त्याचं काम आपल्या डोळ्यांसमोर व्हायचं. सेन्सर आणि कॉम्प्युटर आल्यावर निदान पडद्यावर गेलं. पडदा काय म्हणतो, ते आपल्याला कळत नाही. कळतो तो फक्त पडद्यासमोरच्या माणसाचा शब्द.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सेन्सर हा साक्षीदार आहे. ‘धुरात प्राणवायू जास्त आहे’ असं तो सांगतो, तेव्हा तो बिघडलेला असतोच असं नाही. बहुधा तो खरंच बोलत असतो. प्राणवायू का जास्त आहे, हे शोधणं मेकॅनिकचं काम. हवेची रबरी नळी चिरली असेल, पेट्रोलचा दाब कमी असेल, इंजेक्टर तुंबला असेल. उदाहरणार्थ ‘पी ०१७१’ हा क्रमांक. त्याचा अर्थ एवढाच की मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. ‘सेन्सर बदला’ असा त्याचा अर्थ कुठंही नाही. पण सेन्सर बदलणं सोपं. एक पाना, दहा मिनिटं आणि बिल. शोधायला मात्र वेळ लागतो, आणि शोधण्याच्या वेळेचे पैसे द्यायला गिऱ्हाईकही कुरकुरतं, हेही खरं.

माझ्याकडं २०११ सालची एक पेट्रोल व्हॅन होती. दहा वर्षांची झाल्यावर तिचा पिवळा दिवा लागला आणि ॲव्हरेजही घसरलं. पहिल्या गॅरेजनं स्कॅनर लावून सेन्सर बदलला. तीन आठवड्यांत दिवा परत लागला. दुसऱ्यानं प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले आणि ‘आधीच्यानं हलका सेन्सर घातलाय’ असं सांगून तो पुन्हा बदलला. दिवा पुन्हा लागला. तिसऱ्यानं तर आवाज खाली आणून सुचवलं, ‘साहेब, कशाला खर्च करता? दिवाच लागणार नाही असं करून देतो.’ मी नको म्हटलं. शेवटी भेटले ते एक वयस्कर मिस्त्री. ते म्हणाले, ‘गाडी रात्रभर ठेवून जा, सकाळी थंड इंजिन ऐकायचंय मला.’ सकाळी त्यांनी इंजिन सुरू केलं, वाकून ऐकलं आणि मला बोलावलं. टिक-टिक-टिक असा बारीक आवाज येत होता. इंजिनातून धूर जिथं नळीत शिरतो, त्या मॅनिफोल्डच्या सांध्याचं गॅस्केट जळालं होतं, शेजारी काजळीचा काळा ओघळही होता. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात होती. सेन्सर बिचारा ती हवा हुंगून ‘प्राणवायू जास्त’ असं सांगत होता, कॉम्प्युटर त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवत होता. गॅस्केट आणि मजुरी मिळून जे बिल झालं, ते एका सेन्सरच्या किमतीपेक्षाही कमी होतं. दिवा विझला तो विझलाच.

पहिल्या दोघांना लबाड म्हणावं की अर्धवट शिकलेले म्हणावं? मला अजून ठरवता आलेलं नाही. आणि हाच या विषयातला खरा पेच आहे. अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा विचार केला आहे. १९७०मध्ये जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं की, विकणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्याला नाही अशी स्थिती असेल तर चांगला माल बाजारातून हळूहळू बाहेर फेकला जातो. २००१च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये ते वाटेकरी होते. दुरुस्तीचं तर याहून अवघड. १९७३मध्ये डार्बी आणि कार्नी या दोन अभ्यासकांनी अशा सेवांचा वेगळा विचार मांडला, ज्यांची गरज होती की नव्हती हे सेवा घेतल्यानंतरही गिऱ्हाइकाला कळत नाही. डॉक्टरची शस्त्रक्रिया तशी, मेकॅनिकचा सुटा भागही तसाच.

हे दुखणं सेन्सरपेक्षा जुनं आहे. १९४१मध्ये ‘रीडर्स डायजेस्ट’ मासिकासाठी अमेरिकेच्या तेव्हाच्या ४८ राज्यांत एक पाहणी झाली. चांगल्या स्थितीतल्या मोटारीची एक तार मुद्दाम सुटी करून ती गॅरेजमध्ये न्यायची आणि काय होतं ते पाहायचं. ३४७ गॅरेजांपैकी ६३ टक्के गॅरेजांनी जादा पैसे घेतले, नको ते काम केलं किंवा न केलेल्या कामाचे पैसे लावले. म्हणजे सैल तार दिसत असतानाही! पण दुसरी बाजूही पाहा. दर शंभरांतल्या ३७ गॅरेजांनी असं काही केलं नाही.

कॅलिफोर्नियानं यावरही कायदा केला. १९७१च्या मोटारदुरुस्ती कायद्यानं तिथं वेगळं सरकारी कार्यालय स्थापन झालं. दुरुस्तीआधी लेखी अंदाजपत्रक, नंतर तपशीलवार बिल आणि मागितला तर काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाला परत, असे नियम आले. याच कार्यालयानं सीअर्स या बड्या कंपनीच्या मोटारकेंद्रांत गुप्तपणे गाड्या पाठवल्या. ३८ फेऱ्यांपैकी ३४ वेळा अनावश्यक काम केल्याचा आरोप कार्यालयानं १९९२मध्ये ठेवला. मुळाशी काय होतं? जेवढे भाग विकाल तेवढा कर्मचाऱ्यांना मोबदला. कंपनीला ती पद्धत सोडावी लागली. माणसं एका रात्रीत वाईट झाली नव्हती. पगाराची रीतच त्यांना नको ते भाग बदलायला लावत होती.

आपल्याकडं ग्राहकांची चळवळ याच सुमारास उभी राहत होती. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. १९८६मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा २०१९च्या नव्या कायद्यानं घेतली आणि तो जुलै २०२०पासून लागू झाला. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत त्रुटी असेल तर दाद मागता येते, त्यात गॅरेजची दुरुस्तीही आली. पण आयोगाकडं जायचं तर हातात कागद हवा. ‘सेन्सर का बदलला?’ या प्रश्नाला तोंडी उत्तरावर समाधान मानलं, तर कायदाही फार काही करू शकत नाही.

म्हणून चार साध्या गोष्टी. स्कॅनरवर आलेला क्रमांक बिलावर लिहून मागावा. सेन्सर खराब आहे असं म्हणत असतील तर त्याचा व्होल्ट मोजून दाखवा म्हणावं. इंजिन तापल्यावर पुढच्या साध्या सेन्सरचा काटा ०.१ आणि ०.९च्या दरम्यान भराभर हलताना दिसला, तर तो जिवंत आहे. सेन्सर खरोखर म्हाताराही होतो. इंजिन ऑइल जाळत असेल तर काजळीनं लवकर मरतो. तेव्हा तो बदलायलाच हवा, पण तो कशामुळं मेला हेही विचारायला हवं, नाहीतर नवाही त्याच वाटेनं जातो. आणि ‘दिवा बंद करून देतो’ असं कुणी म्हणालं, तर ते काम स्वस्तात असलं तरी घेऊ नये. कन्व्हर्टर काढून पोकळ नळी बसवणं, सेन्सरला चकवणं, हे प्रकार चालतात. दिवा विझतो, धूर तसाच राहतो. तो धूर शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या व्हॅनभोवतीच्या मुलांच्या छातीत जातो. लॉस एंजेलिसच्या लोकांनी जे डोळे चोळत भोगलं, ते आपण पैसे देऊन घरी आणण्यासारखं आहे.

मिस्त्री लोकांची एक जुनी रीत मला फार आवडते. काम झालं की काढलेले भाग कागदात गुंडाळून ते गाडीच्या मागच्या बाजूला ठेवतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात, ‘जुने पार्ट मागं ठेवलेत, बघून घ्या.’ कॅलिफोर्नियाला ज्यासाठी कायदा करावा लागला, ते आपले कित्येक मिस्त्री कुणी न सांगता करत आले. माझ्या व्हॅनच्या त्या मिस्त्रींनीही जळालेलं गॅस्केट असंच ठेवलं होतं. असा माणूस भेटला तर त्याला सोडू नये, आणि शोधायला लागलेल्या वेळाचे पैसे मागितले तर घासाघीस न करता द्यावेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)